अणूंना शेजारधर्म शिकवू नका

आपल्याकडे व्यासपीठावर चढलेल्या माणसाला एखादी गोष्ट नुसती सांगून भागत नाही. तिचे तात्पर्य काढल्याखेरीज त्याला खाली उतरताच येत नाही. मुंगी दिसली की उद्योग, बगळा दिसला की ढोंग, नदी दिसली की परोपकार! मुंगी, बगळा आणि नदी आपापल्या जागी काही न बोलता आपले काम करीत असतात, आणि आपण त्यांच्या गळ्यात सुविचारांच्या पाट्या अडकवीत असतो. इतकी वर्षे मी हे निमूटपणे ऐकत आले. शाळेत शिकविणाऱ्या बाईला फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात रोज एक सुविचार लिहावाच लागतो, तोही मी लिहिते. परंतु अलीकडे या मंडळींचा हात अणूपर्यंत पोहोचला आहे, आणि तिथे मात्र गप्प बसणे मला जमणार नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत निरनिराळ्या वक्त्यांच्या तोंडून मी थोड्याफार फरकाने एकच वाक्य ऐकले. विज्ञानाने म्हणे आता असे सिद्ध केले आहे की अणूसुद्धा शेजारधर्म पाळतात. एका अणूजवळ शक्ती जास्त झाली की तो ती स्वतःजवळ न ठेवता शेजारच्या अणूला देऊन टाकतो. यावर टाळ्या पडतात. मग माणसांनी अणूपासून काय शिकावे याचे दहा मिनिटे विवेचन होते, आणि ओघात कणाद ऋषींनाही साक्षीला बोलावले जाते. कणादांनी असला दावा कधी केला नव्हता. त्यांना यात ओढण्याचे काही कारण नाही.

या वाक्यातला निम्मा भाग खरा आहे, हेच खरे दुखणे. सगळेच खोटे असते तर हसून सोडून देता आले असते. एका अणूतली ऊर्जा शेजारच्या अणूकडे जाते, ही गोष्ट खरी. पण वक्ते तिथेच थांबतात. आमच्या शाळेत असे भाषण झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, "बाई, ज्याला शक्ती मिळाली त्या शेजाऱ्याचं पुढं काय झालं?" दीडशे-दोनशे माणसांच्या सभेत हा प्रश्न एकालाही पडला नव्हता.

तेव्हा पुढे काय होते ते सांगते. मी कादंबऱ्या लिहिते, उपमांवर माझे पोट चालते, म्हणून उपमेचा भरवसा किती धरावा हे मला ठाऊक आहे. हे मी शक्यतो आकड्यांनी सांगणार आहे. वाचकहो, फराळाचे ताट जरा बाजूला सारा. वजाबाकीपलीकडचे गणित यात नाही.

निऑन वायूचे नाव दुकानांवरच्या तांबड्या दिव्यांमुळे सर्वांच्या कानावर आहे. त्याच्या अणूत 10 इलेक्ट्रॉन असतात. दोन अगदी आत. उरलेले आठ बाहेरच्या कवचात. या आठांतही दोन जास्त घट्ट बांधलेले असतात आणि सहा त्या मानाने सैल. इलेक्ट्रॉन अणूतून ओढून काढायला किती ऊर्जा लागते ते इलेक्ट्रॉन-व्होल्ट नावाच्या मापाने मोजतात. एका व्होल्टच्या दाबाखाली एक इलेक्ट्रॉन सरकला म्हणजे त्याला जेवढी ऊर्जा मिळते तेवढे हे माप. हातबॅटरीतला एक सेल दीड व्होल्टचा असतो, यावरून अंदाज करावा. निऑनचा सैल इलेक्ट्रॉन काढायला 21.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. त्या दोन घट्ट इलेक्ट्रॉनांपैकी एक काढायचा तर 48.5.

आता अतिनील किरणांच्याही पलीकडचा एखादा प्रखर किरण आला आणि त्याने त्या घट्ट जोडीतला एक इलेक्ट्रॉन उडविला. जागा रिकामी झाली. बाहेरच्या सहांपैकी एक त्या जागेत उतरतो. 48.5 मधून 21.6 गेले, राहिले 26.9. एवढी ऊर्जा मोकळी झाली. तिचे करायचे काय? त्याच अणूतला आणखी एक इलेक्ट्रॉन बाहेर काढावा, तर त्याला सुमारे 41 लागतात. 26.9 पुरत नाहीत. अणू एकटा असेल तर ती ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकण्यापलीकडे त्याला वाट नाही, आणि अणूच्या हिशेबाने ती वाट फार संथ आहे.

पण जवळ निऑनचाच दुसरा अणू असला तर? त्याचा सैल इलेक्ट्रॉन काढायला 21.6 हवेत. 26.9 आहेत. पुरतात. आणि मग तसे घडते. इकडे रिकामी जागा भरते आणि त्याच वेळी तिकडे, शेजारच्या अणूतून, इलेक्ट्रॉन सुटतो. दोन्ही अणूंनी एकमेकांना धडक द्यावी लागत नाही, की एकाचा प्रकाश बाहेर पडून दुसऱ्यावर जाऊन आदळावा लागत नाही. विद्युत्‌भारांचे जे परस्पर आकर्षण आणि अपकर्षण, त्याच्याच द्वारे हा व्यवहार होतो. याला वेळ लागतो शंभर-दीडशे फेम्टोसेकंद. सेकंदाचे दशलक्ष भाग करावेत, आणि त्यांतल्या एका भागाचे पुन्हा अब्ज भाग करावेत. तो एक फेम्टोसेकंद.

आता त्या मुलीचा प्रश्न. शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन गेला. पहिल्याचा तर आधीच गेलेला होता. दोघेही आता धनभारित झाले, आणि धनभार धनभाराला दूर लोटतो. ही निऑनची जोडी मुळात फारच दुबळ्या ओढीने एकत्र राहिलेली असते. ती फुटते आणि दोन्ही आयन विरुद्ध दिशांना उधळतात. हिशेब करा. 26.9 मधून 21.6 गेले, 5.3 राहिले. दोन अणूंमधले अंतर सुमारे 3.1 अँगस्ट्रॉम, म्हणजे सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाच्या तिपटीहून किंचित जास्त. इतक्या अंतरावरच्या दोन धनभारांच्या रेट्यात सुमारे 4.6 जातात, तेवढ्या ऊर्जेने आयन पळतात. उरलेले 0.7 त्या बिचाऱ्या इलेक्ट्रॉनाच्या वाट्याला. म्हणून तो अगदी सावकाश बाहेर पडतो.

असा हा तुमचा शेजारधर्म!

हे मी शिक्षकांच्या खोलीत सांगितले, तेव्हा आमचे एक सहकारी उत्साहाने म्हणाले, "म्हणजे शेजाऱ्याचं घर जाळलं म्हणा की! कलियुग आहे, बाई." तेही चूकच. अणू दाता नाही तसा दरोडेखोरही नाही. पाटी बदलून उपयोग नाही. पाटीच काढून टाकायला हवी. दुसरी वाट संथ होती, ही जलद होती, आणि ऊर्जा पुरेशी होती, म्हणून ही घडली. दानत आणि लोभ यांना इथे शिरायला फट नाही.

या घटनेला शास्त्रज्ञ 'इंटरअ‍ॅटॉमिक कूलोंबिक डिके' म्हणतात. रेणू असले तर 'इंटरमॉलिक्युलर'. कूलोंब हे विद्युत्‌भारांच्या ओढीचा नियम मांडणाऱ्या फ्रेंच माणसाचे नाव. 'डिके' या शब्दाला 'क्षय' हा प्रतिशब्द देतात, तो मला पसंत नाही. क्षय म्हटले की आमच्या पिढीला अजून सॅनेटोरियम आठवते. जर्मनीत हायडेलबर्ग येथे लोरेन्झ सेडरबाउम आणि त्यांचे सहकारी त्सोबेली व तारांतेल्ली यांनी 1997 साली केवळ आकडेमोडीने असे घडले पाहिजे हे सांगितले. पाहिलेले कोणीच नव्हते. सहा वर्षांनी, 2003 साली, बर्लिनमध्ये निऑनच्या पुंजक्यांतून निघणारे ते सावकाश इलेक्ट्रॉन सापडले, आणि 2004 साली फ्रँकफुर्टच्या गटाने निऑनच्या सुट्या जोड्या घेऊन एकाच जोडीतले उधळलेले आयन आणि सुटलेला इलेक्ट्रॉन एकत्र टिपले. इलेक्ट्रॉनाला थोडे जास्त मिळाले तर आयनांना तेवढेच कमी. दोन्हींची बेरीज मात्र दर वेळी तीच, पाचाच्या आसपास! मला विचाराल तर ज्या गोष्टीला टाळ्या पडायला हव्यात ती ही. खोलीत बसून केलेली वजाबाकी सात वर्षांनी यंत्रातून जशीच्या तशी बाहेर यावी, याहून मोठा चमत्कार व्याख्यानात कोणता सांगणार? पण हे सांगायचे म्हणजे आकडे सांगावे लागतात, आणि आकड्यांना टाळ्या पडत नाहीत असा आपल्या वक्त्यांचा समज आहे.

जाता जाता एक. त्याच अणूतला दुसरा इलेक्ट्रॉन सुटण्याची जी वाट वर निऑनला बंद होती, ती इतर अनेक प्रसंगी उघडी असते. तिला पुस्तकांतून 'ऑजे परिणाम' म्हणत आले. पिएर ऑजे यांनी तिचे वर्णन 1923 साली प्रसिद्ध केले. लिझे माइटनर या बाईंनी ते 1922 सालीच प्रसिद्ध केले होते. आता कुठे काही जण दोघांची नावे जोडून लिहू लागले आहेत. सुविचारच काढायचे असतील तर इथे एखादा काढा म्हणावे!

आता कोणी म्हणेल, आणि एका सद्‌गृहस्थांनी मला म्हटलेही, की बाई, थोडी नीती शिकविली तर मुलांचे बिघडले काय? विज्ञान थोडे इकडचे तिकडे झाले तरी मूल चांगले वळण घेते ना!

काय बिघडते ते सांगते. आमच्या शाळेत शिपाईकाम करणाऱ्या मावशींना गेल्या वर्षी कर्करोगासाठी शहरातल्या रुग्णालयात रेडिएशन घ्यावे लागले. महिना-दीड महिना त्या एस.टी.ने जात-येत होत्या. त्या कामावर परत आल्या आणि चहाच्या वेळी त्यांचा कप वेगळा झाला. कोणी काही बोलले नाही. कप तेवढा खिडकीत वेगळा ठेवलेला असे. त्यांच्या आळीतल्या दोन घरांनी आपली मुले त्यांच्याकडे पाठविणे बंद केले. एक दिवस त्यांनीच मला विचारले, "बाई, माझ्या अंगातले किरण नातवाला लागतील का हो?"

ही भीती आली कुठून? 'शक्ती' या शब्दातून आली. आपल्या भाषेत शक्ती अंगात येते, अंगात राहते, स्पर्शाने दुसऱ्याला देता येते, डोक्यावर हात ठेवून संक्रमित करता येते. 'ऊर्जा' म्हटले की मोजावी लागते. 'शक्ती'ला माप नाही. एकाची शक्ती शेजाऱ्याला मिळते, असे तुम्ही व्यासपीठावरून सांगता, तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाने मावशींच्या कपातली शक्ती आपल्याला मिळेल असे का समजू नये? तुमच्याच वाक्याचा त्याने सरळ अर्थ केला. आमच्या आळीतली ती दोन्ही घरे त्या व्याख्यानाला हजर होती, म्हणून बोलते.

आणि गंमत अशी की ज्या घटनेचा हा सुविचार बनविला, तीच घटना नीट सांगितली असती तर ही भीती टिकली नसती. शरीराचा निम्म्याहून अधिक भाग पाणी आहे. 2010 साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखविले की पाण्याच्या शेजारी-शेजारी असलेल्या रेणूंमध्येही असेच घडते: एकाची ऊर्जा दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन सोडविते, आणि तो सावकाश चालणारा असतो. सावकाश म्हणून निरुपद्रवी मात्र नव्हे. कॅनडातल्या शेरब्रुक येथे लेऑन सांश यांच्या गटाने 2000 सालीच दाखविले होते की 20 इलेक्ट्रॉन-व्होल्टहून कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉनसुद्धा डी.एन.ए.चे धागे तोडू शकतात. म्हणजे किरण शरीरात शिरल्यावर जी मोडतोड होते, तिच्यात या शेजाऱ्या-शेजाऱ्यांतल्या व्यवहाराचाही वाटा असू शकतो. कर्करोगाच्या पेशीत नेमके असे इलेक्ट्रॉन सोडता येतील का, असा विचार 2014 साली 'नेचर' साप्ताहिकात मांडला गेला. तो विचार आहे, उपचार नव्हे. कोणी तसे औषध विकायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

पण हे सगळे घडते किती अंतरावर? निऑनमध्ये तीन अँगस्ट्रॉम. हेलियमच्या जोडीत, जिथे दोन अणू एकमेकांना जेमतेम ओळखतात, तिथे 10 अँगस्ट्रॉमहून अधिक अंतरावरूनही हे घडताना 2010 साली दिसले, आणि एवढ्याचेही शास्त्रज्ञांना नवल वाटले. कारण अणू एकमेकांपासून जरा लांब गेले की अंतर दुप्पट झाल्यावर या घटनेचा वेग चौसष्टावा हिस्सा होतो, तिप्पट झाल्यावर सातशे एकोणतिसावा. खिडकीतल्या कपापासून टेबलावरच्या कपापर्यंतचे अंतर अँगस्ट्रॉममध्ये करून पाहा; शून्ये लिहिता लिहिता पान भरेल.

मी मावशींना सांगितले, "मावशी, तुम्हांला बाहेरून यंत्रानं किरण दिले. यंत्र बंद झालं, किरण संपले. ते अंगात साठत नाहीत. त्यांनी आत जे केलं ते तुमच्या पेशींपाशी राहिलं. ते कपातून कुणाकडे जात नाही. नातवाला खुशाल मांडीवर घ्या." काही रोग्यांना किरण टाकणारे औषधच पोटात देतात, त्यांना डॉक्टर काही दिवस अंतर ठेवायला सांगतात आणि ते ऐकावे. मावशींचे तसे नव्हते, हे त्यांच्या कागदावर स्पष्ट लिहिलेले होते. कागद वाचायची तसदी कोणी घेतली नव्हती इतकेच. कप मी स्वतः ट्रेमध्ये परत ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खिडकीत होता. तीन आठवडे हे चालले. मग कोणीतरी कंटाळले, आणि सुदैवाने ती मी नव्हते.

नीतीने काय बिघडते, याचे माझे उत्तर एवढे आहे. मुलांना शेजारधर्म शिकवायचा असेल तर त्या खिडकीतल्या कपाकडे बोट दाखवून शिकवावा. त्यासाठी निऑनच्या अणूला वेठीला धरण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप एका प्राध्यापकांचा. "बाई, हा क्वांटम सिद्धान्ताचा प्रांत आहे. मॅट्रिक झालेल्यांनी यात पडू नये." मी मॅट्रिक आहे हे खरे, आणि ते मी कधी लपविलेले नाही. पण प्राध्यापकमहाशय, यात प्रश्न दोन आहेत. ही घटना किती वेगाने घडेल, दुसऱ्या वाटेहून ती जलद का, हे काढायला तुमचे गणित लागते. तिथे मी हात जोडून बाजूला उभी राहते. पण ती घडू शकेल की नाही, ऊर्जा पुरते की अपुरी पडते, हे कळायला दोन आकडे आणि त्यांची वजाबाकी पुरते. तेवढे सातवीच्या मुलीला येते. तुम्ही पहिल्या प्रश्नाचा बाऊ करून दुसऱ्या प्रश्नाचे दार लावून घेता, आणि मग त्या बंद दारासमोर सुविचारवाले आपले दुकान मांडतात. त्यांना जागा तुम्हीच करून दिली आहे.

आणि मराठीत हे सांगता येत नाही, ही सबब तर कोणी सांगूच नये. वर मी जे लिहिले त्यात इलेक्ट्रॉन, व्होल्ट, आयन असे चार शब्द परके आहेत. स्टेशन आणि टेबल या शब्दांनी आपल्याला अडविले नाही, हे का अडवतील?

यासाठी बर्लिनचे यंत्रही लागत नाही. आमच्या वर्गात अजून जुना नळीचा दिवा आहे. त्यात आरगॉन वायू आणि पाऱ्याचा एक थेंब असतो. आरगॉनच्या काही अवस्था अशा आहेत की तिथे चढलेला इलेक्ट्रॉन लवकर खाली उतरू शकत नाही, सुमारे 11.5 इलेक्ट्रॉन-व्होल्ट तसेच अडकून राहतात. असा आरगॉन पाऱ्याच्या अणूवर आदळला, तर पाऱ्याचा इलेक्ट्रॉन सुटायला 10.4 लागतात, ते मिळतात. दिवा पेटताना याचा उपयोग होतो. फ्रान्स पेनिंग या डच संशोधकाने 1927 साली निऑन आणि आरगॉन यांच्या मिश्रणात हीच गोष्ट ओळखली. इथे अणूंना प्रत्यक्ष आदळावे लागते, हा निऑनच्या जोडीशी फरक; तो मुलांना मी मुद्दाम सांगते, कारण साम्य जिथे संपते ती जागा दाखविली नाही तर साम्य दाखविण्यात अर्थ नाही.

मी फळ्यावर चार आकडे लिहिले. अडकलेल्या निऑनजवळ 16.6, आरगॉनला सुटायला 15.8. अडकलेल्या आरगॉनजवळ 11.5, निऑनला सुटायला 21.6. आणि म्हटले, कोण कोणाचा इलेक्ट्रॉन सोडवील ते काढा. पहिले उत्तर सगळ्यांचेच पटकन आले, 0.8 उरतात. दुसऱ्याला थोडा वेळ लागला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने पेन्सिल खाली ठेवून म्हटले, "बाई, उलटं होत नाही. साडेअकरातून एकवीस जात नाहीत."

"मग आरगॉन काय करील?"

"दुसरा कुणी मिळेपर्यंत थांबेल, नाहीतर भिंतीला जाऊन लागेल," तो म्हणाला, आणि वर नळीकडे बघत राहिला.